रस्ता होईल हो, पण मुक्काम कुठे?

शुक्रवारी रात्री दहानंतर कधी कात्रज चौकात उभं राहून बघा. कोल्हापूर-बेंगळुरूकडे निघालेल्या स्लीपर गाड्या, ‘दोन रात्री तीन दिवस कोकण’वाल्या टेम्पो ट्रॅव्हलर, के टू एसच्या तेरा टेकड्या तुडवायला निघालेली पोरं, आणि या सगळ्यांना हाका मारणारे एजंट. आता अशी कल्पना करा, की या गर्दीत तुम्ही उभे आहात आणि तुमच्या हातात पट्टा आहे. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ब्रुनो. वय वर्षं तीन, वजन अठ्ठावीस किलो, स्वभाव प्रेमळ. कुठला एजंट तुम्हाला हाक मारेल?

कुणीच मारणार नाही. ट्रॅव्हल्सवाला लांबूनच मान हलवतो. रेल्वेत फर्स्ट एसीचं अख्खं कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्र्याला सोबत नेता येतं, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. फर्स्ट एसीचं भाडं आपल्या पॉकेटमनीत बसतं का, हे तुम्हीच सांगा. मग सुट्टीत ब्रुनो कात्रजलाच राहतो, शेजारच्या काकूंकडे नाहीतर दिवसाला पैसे घेणाऱ्या बोर्डिंगमध्ये. आणि तुम्ही दापोलीत मासे खाताना त्याचे फोटो बघत बसता.

अशा माणसाला रात्री दोन वाजता ती रील दिसते. समुद्राकाठी उभी मोटरहोम, मागचं दार उघडं, गादीवर पसरलेला गोल्डन रिट्रीव्हर, गॅसवर उकळता चहा. तुमच्याही ‘सेव्ह्ड’मध्ये ती असेलच. माझ्याही आहे. प्रश्न एवढाच, की ही रील आपल्या कोकणात खरी होऊ शकते का?

सरकारचं उत्तर ‘हो’ असं आहे, निदान कागदावर. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. (सरकारी भाषेत ‘कॅराव्हॅन’, रीलच्या भाषेत ‘व्हॅनलाइफ’. गाडी तीच.) झोपायला पलंग, छोटं स्वयंपाकघर, शौचालय अशा सोयी असलेली गाडी आणि ती लावायला ‘कॅराव्हॅन पार्क’, म्हणजे जिथे वीज आणि पाणी जोडून मिळेल अशी जागा. हे पार्क सरकारी जागेवर होऊ शकतं, खासगी जागेवरही. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली तर सवलती मिळतात. केरळनेही त्याच वर्षी असंच धोरण जाहीर केलं.

दुसरीकडे रस्ता. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत, सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी महामार्ग. बॅरिस्टर अ. र. अंतुले १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हापासून या रस्त्याचं स्वप्न दाखवलं जातंय. म्हणजे तुमच्या आई-बाबांनी शाळेत असताना जो रस्ता ऐकला, तोच तुम्हीही ऐकताय. आता मोठमोठ्या खाड्यांवरच्या पुलांचं काम एमएसआरडीसीने हाती घेतलंय आणि चर्चा पुन्हा जोरात आहे. चर्चा कसली? पूल किती लेनचा, मुंबईहून गोव्याला किती तासांत, जमिनीचा भाव किती. थांबायचं कुठे, हे त्यात कुणी विचारत नाही. आणि मोटरहोमचा सगळा खेळ थांबण्याचाच आहे.

चला, एकदा मनातल्या मनात जाऊन येऊ.

पहाटे पाचला कात्रज सोडलं. नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, कापूरहोळला उजवीकडे वळून भोर, मग वरंध घाट. रील बनवणाऱ्यांना हा घाट फार आवडतो, पण पावसाळ्यात प्रशासन तो अवजड वाहनांसाठी बंद करतं, कधी कधी सगळ्यांसाठीच. तेव्हा ताम्हिणीने माणगावला उतरायचं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅराव्हॅन सहा-सात मीटर लांब आणि आपल्या कारपेक्षा दुप्पट उंच असते. तिच्यात मागे पाण्याची टाकी डुचमळत असते आणि ब्रुनो प्रत्येक वळणावर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जात असतो. त्याला बांधून बसवायचा पट्टा किंवा पक्का बसवलेला पिंजरा हवाच, आणि घाटाआधी तीन-चार तास पोटात जड काही नको. नाहीतर महाडला पोचल्यावर पहिलं काम गाडी धुणं.

महाडहून मंडणगड, तिथून वेळास किंवा केळशी. इथे रस्ता अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर नारळाच्या झावळ्या, त्यांच्या मधून लोंबणाऱ्या विजेच्या तारा. समोरून एसटी आली, की कुणीतरी मागे जायचं, आणि एसटी मागे जात नाही.

खाड्या अजून बऱ्याच ठिकाणी बोटीनेच ओलांडाव्या लागतात. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दाभोळची गाड्या नेणारी फेरीबोट २००३पासून चालू आहे. ती नसेल तर चिपळूणवरून शंभरावर किलोमीटरचा वळसा. मला विचाराल तर या बोटी म्हणजे त्या प्रवासातली सगळ्यात सुंदर दहा मिनिटं. ब्रुनो कठड्याशी नाक लावून उभा, वाऱ्याने कान मागे, शेजारी एका आजींच्या पाटीत सुकट. त्याचं काय होत असेल, विचार करा. बाणकोट खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं अर्धवट उभा राहिला, तेव्हा या बोटींनीच दोन्ही काठ जोडून ठेवले. उद्या पूल झाले, की आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला, कॉलेजच्या पोरांना पलीकडे जायला सोपं होईल, त्यात वाद नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, की बोटीच्या वेळेमुळे पर्यटक त्या काठावर तासभर थांबतो, चहा-भजी खातो, मासे विकत घेतो. पुलावरून तो ऐंशीच्या वेगाने निघून जातो.

संध्याकाळ झाली. आता गाडी लावायची कुठे?

पहिला विचार थेट किनाऱ्यावर, रीलमधल्यासारखं. ते विसरा. वाळूत गाडी घालणं बेकायदा तर आहेच, पोलीस गुन्हे दाखल करतात. शिवाय ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीला गाडी गिळते. मग गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला शोधा. दुसरा विचार एमटीडीसीच्या रिसॉर्टचं आवार. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली. जागा छान, पण पाचशे किलोमीटरमध्ये अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. तिसरा विचार देवळाजवळची मोकळी जागा नाहीतर शाळेचं मैदान. एक गाडी गावाला चालते. लोक येऊन ब्रुनोला बघून जातात, कुणी शहाळं आणून देतं. शनिवारी रात्री पंधरा गाड्या आल्या, तर तेच गाव ‘पर्यटकांना बंदी’चा फलक लावेल, आणि बरोबर करेल.

कारण या गाडीत शौचालय आहे.

यावर रील कुणी बनवत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. मोटरहोमला तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. चार जण असतील तर दर एक-दोन दिवसांनी पहिली भरावी लागते आणि उरलेल्या दोन रिकाम्या कराव्या लागतात. भरणार कुठून? कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच कोकणात वाड्यांना टँकर लागतो. तुमची टाकी भरायला कुणाचा तरी हंडा रिकामा राहतो. रिकाम्या कुठे करणार? गावांत गटारयोजना नाही, घरोघरी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. गाडीच्या शौचालयात वास मारायला जी रसायनं घालतात, त्यातली काही जालीम असतात. ती सेप्टिक टाकीत गेली, तर मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. आणि आडबाजूच्या ओढ्यात टाकी सोडणारा महाभाग निघालाच, तर तो ओढा पुढे कुणाच्या तरी विहिरीशेजारून जातो. विहिरींचं गाव असतं ते.

विजेचंही तसंच. बाहेर तीस अंश तापमान असलं, तरी बंद गाडीत दहा मिनिटांत चाळीस आणि अर्ध्या तासात अठ्ठेचाळीसच्या आसपास जातं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. कोकणातल्या दमट हवेत त्या धापाही धड कामाला येत नाहीत. ‘जेवून येतो पाच मिनिटांत’ म्हणून त्याला गाडीत ठेवलं आणि सोलकढीची दुसरी वाटी मागवली, तेवढ्यात खेळ संपू शकतो. एसी चालू ठेवायचा तर जनरेटर लावा किंवा बाहेरून वीज घ्या. रात्री अकराला आगरात जनरेटर घरघरला, तर गावातलं कुणी तुम्हाला सकाळी हसून चहा विचारणार नाही. म्हणजे एक साधा प्लग पॉइंट ही चैन नाही, कुत्र्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता कासवं. वेळासला २००२पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवण्याचं काम सुरू केलं. आज आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी किनाऱ्यांवर ते चालतं. नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री येऊन वाळूत शंभरएक अंडी घालते. गावातले कासवमित्र पहाटे जाऊन ती कुंपणाच्या आत हलवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि क्षितिजावरच्या उजेडाकडे पाहत समुद्रात जातात. कुंपण कशासाठी? कोल्हे आणि कुत्री घरटी उकरतात म्हणून. ब्रुनो कितीही प्रेमळ असला, तरी त्याच्या नाकाला ते कळत नाही. गाडीच्या चाकोरीत अडकलेलं पिल्लू सकाळी उन्हाने मरतं. हेडलाइट आणि शेकोटीने ते उलट्या दिशेला जातं. आणि किनाऱ्यावरची गावठी कुत्री ब्रुनोला पाहुणा मानत नाहीत. २०२५मध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत केवढा गदारोळ झाला, तो तुम्ही पाहिलाय. त्यातलं कोकणच्या वाळूवर लागू पडणारं साधं सत्य म्हणजे, रेबीजची लस घेतल्याशिवाय आणि पट्टा लावल्याशिवाय कुत्र्याला तिथे उतरवू नका. लेप्टोचीही लस पशुवैद्यांना विचारून घ्या; कोकणातल्या साचलेल्या पाण्यात ती भीती खरी आहे.

मग काय, कुत्र्यांना किनाराच बंद? तेही नको. इथे जरा लांब जाऊ, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात. तिथला किनाराही आपल्या सागरी महामार्गाएवढाच लांब, जेमतेम सहाशे किलोमीटर, आणि त्याला लागून जाणारा हायवे १०१ मोटरहोमवाल्यांची पंढरी. गंमत म्हणजे तिथेही एकेकाळी खाड्या बोटीनेच ओलांडायचे. १९३६मध्ये पाच मोठे पूल सुरू झाले आणि बोटी गेल्या. फरक असा, की तिथे रस्त्याबरोबर थांबेही उभे राहिले. किनाऱ्यालगत राज्याची उद्यानं, त्यांच्यात गाडीमागे वीज-पाणी जोडायची सोय, टाक्या रिकाम्या करायची ठरलेली जागा. १९६७च्या कायद्याने वाळूवर फिरायचा हक्क सगळ्यांना दिला, म्हणजे हॉटेलवाला ‘हा आमचा बीच’ म्हणू शकत नाही. आणि कुत्र्यांबाबत? वाळूत घरटं करणाऱ्या एका छोट्या पाणपक्ष्यासाठी ठरावीक पट्ट्यांत १५ मार्च ते १५ सप्टेंबर कुत्र्यांना मज्जाव. बाकी किनाऱ्यावर खुशाल फिरवा. सरसकट बंदी नाही, सरसकट मोकळीकही नाही. आपल्याकडे कासवांच्या किनाऱ्यांना नोव्हेंबर ते मे असा नियम लावायला काय हरकत आहे? कुठल्या वाळूत घरटी होतात, हे कासवमित्रांना पाठ आहे.

पण ओरेगॉनसारखी सरकारी उद्यानं कोकणात बांधत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे: खळं.

कोकणातल्या घरगुती राहणीच्या जागांवर ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ असं लिहिलेलं असतं, त्याचा आपल्याला राग येतो. पण त्या घरातल्या काकूंच्या बाजूने बघा. कोंबड्या मोकळ्या फिरतायत, गोठ्यात गाय व्यालीये, देवघर माजघराला लागून, आणि ब्रुनो गादीवर झोपणार, ती गादी पुढच्या पाहुण्याला द्यायची. त्यांचं ‘नको’ हे कुत्र्याला नसतं, गादीला असतं. मोटरहोमने नेमका हाच पेच सुटतो. कुत्रा झोपणार तुमच्या गाडीत, तुमच्या गादीवर. काकूंना द्यायचं काय? खळ्याच्या कडेला गाडी मावेल एवढी सपाट जागा, एक दणकट प्लग, एक नळ, आणि जेवणाचं ताट. नवी खोली बांधायला नको, कर्ज काढायला नको, नारळ तोडायला नको. शौचालय घरचं वापरा, म्हणजे रसायनांचा प्रश्नच उरत नाही. राज्याची निवास-न्याहारी योजना घरमालकांसाठी आहेच. तिच्यात ‘अंगणात एक गाडी’ एवढी ओळ घालायची. चार-पाच गावांत मिळून मैला उपसायची एक टँकरगाडी पंचायतींनी ठेवायची.

हे आत्ताच का बोलायचं? कारण सागरी महामार्गालगतच्या शंभरावर गावांसाठी २०२४मध्ये एमएसआरडीसीला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. म्हणजे कुठे काय उभं राहणार, याचे नकाशे आखले जाणार. कॅराव्हॅन पार्क त्यात आलं, तर ते एकरभर जागेत, कुंपण घातलेलं, प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षक असलेलं, बाहेरच्या गुंतवणूकदाराचं येईल, की पन्नास घरांच्या पन्नास खळ्यांत विखुरलेलं येईल? दोन्हींना सरकारी भाषेत ‘पर्यटन विकास’च म्हणतात. पहिल्यात गावातला मुलगा सुरक्षारक्षक होतो, दुसऱ्यात मालक राहतो. कात्रज-धनकवडीच्या खोल्यांमध्ये राहून शिकणारे तुमच्यातले कितीतरी जण याच गावांचे आहेत. अठरा पूर्ण झाली आणि गावच्या मतदार यादीत नाव असलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. १ मेची ग्रामसभा नेमकी सुट्टीच्या तोंडावर येते. तिथे हा ठराव मांडायला कुठल्या पदवीची गरज नाही. आराखड्यावर हरकती मागवतात, तेव्हा असा ठराव हातात असलेलं गाव आणि नसलेलं गाव यांत फरक पडतो.

आणि जे लगेच निघायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी थोडं. जुनी ओम्नी घेऊन मित्राच्या गॅरेजमध्ये छप्पर कापून उंच करायचा विचार असेल, तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलंय. अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला फोटो त्या छपराचा काढेल. सीट तशाच ठेवून मागे काढता-घालता येणारी फळी, वर गादी, दाराला मच्छरदाणी, एवढ्यावरही झकास काम होतं. भाड्याची कॅराव्हॅन बहुतेकदा चालकासकट मिळते, त्या चालकाला कुत्र्याबद्दल आधी सांगा, आदल्या रात्री नको. स्वतः चालवायची मिळाली, तर साडेसात टनांच्या आतल्या गाडीला आपला एलएमव्ही परवाना चालतो. वाहतुकीच्या गाडीलाही तो पुरतो, असं २०२४मध्ये घटनापीठानेच सांगितलंय. ब्रुनोचा महापालिकेचा परवाना आणि रेबीजचं प्रमाणपत्र गाडीच्या कागदांबरोबरच ठेवा. मांजर न्यायचा विचार असेल, तर मात्र तिचं मत आधी विचारा. ती बहुधा कात्रजलाच राहील.

खळ्यात गाडी लावायची तर निघायच्या आधी फोन करा, कुत्रा किती मोठा आहे ते खरं सांगा. ‘छोटासाच आहे’ म्हणून अठ्ठावीस किलो उतरवू नका. कोंबडीचं नुकसान झालं, तर घासाघीस न करता भरपाई द्या. आणि खाडीची शेवटची बोट किती वाजता, ते दुपारीच विचारून ठेवा. ती चुकली, तर रात्र जेटीवर, आणि जेटीवरची कुत्री ब्रुनोची वाटच बघत असतात.